खंडेनवमीच्या रांगेतली फळी

चनबसप्पाला राग आला की तो बोलत नसे. नट आवळत असे. कारखान्यात काही बिनसले, की संध्याकाळी घरातल्या कुठल्यातरी वस्तूचा नट आणखी अर्धा फेरा आत गेलेला असे. त्याच्या बायकोने, बसव्वाने, लग्नानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत नवऱ्याच्या मनाचा अंदाज त्याच्या चेहऱ्यापेक्षा कुकरच्या दांड्यावरून अधिक अचूक बांधलेला होता. दांडा दगडासारखा घट्ट लागला, की ती मुलीला सांगे, "अंकिते, आज अप्पाला काय इचारू नको. कुकर बग की कसा झालाय."

अलीकडे दोन वर्षे त्या घरात एकही नट सैल राहिलेला नव्हता.

याचे कारण त्याचे गुडघे होते, आणि गुडघ्यांचे कारण सत्तावीस आणि अठ्ठावीस नंबरचे माग. अक्कलकोटच्या बाजूच्या एका कानडी बोलणाऱ्या गावातून चनबसप्पा सतराव्या वर्षी सोलापुरात आला, तो टॉवेलच्या कारखान्यात चिकटला आणि छत्तीस वर्षे तिथेच राहिला. दाराजवळचे तीन आणि चार नंबरचे माग त्याचे. पुढे मागच्या भिंतीकडचा एक विणकर काम सोडून गेला, तेव्हा थोरल्या शेठांनी त्याचे दोन माग 'तात्पुरते' म्हणून चनबसप्पाकडे दिले. थोरले शेठ वारले, त्यांचा मुलगा अजिंक्यशेठ गादीवर आला. ते तात्पुरतेपण नऊ वर्षांचे झाले. दोन्ही जोड्यांमध्ये शहाबादी फरशीची एक लांबलचक गल्ली होती. बेचाळीस पावले. धोट्यातली सुताची कांडी दर काही मिनिटांनी संपते, ती बदलायची, तुटलेला धागा सांधायचा, तोवर दुसऱ्या टोकाचा माग उभा राहिलेला असतो. पुन्हा बेचाळीस पावले. एकदा अंकिताने आपला फोन त्याच्या खिशात ठेवून दिला. संध्याकाळी तिने आकडा पाहिला, तो एकोणीस हजारांच्या वर होता.

"अप्पा, तुमी रोज कुंभारी गावाच्या पुढं चालत जाताय."

"आन् पोचतो कुटं?" चनबसप्पा म्हणाला. "सत्तावीस नंबरला."

डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो उजेडात धरून पाहिले आणि चालणे कमी करण्याचा सल्ला दिला. हा सल्ला चनबसप्पाने अपमानासारखा ऐकला. जणू तो हौसेने चालत होता! त्या संध्याकाळी त्याने लोखंडी खाटेचा एक नट इतका आवळला, की त्याचे आटेच गेले, आणि त्या पायाखाली बसव्वाला कायमची वीट लावावी लागली.

अंकिता तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या गटातल्या चौघांनी प्रकल्पासाठी विजेवर चालणाऱ्या स्केटबोर्डचे सुटे भाग मागवले होते. खोके आले, उघडलेही गेले. मग फोनवरचे अ‍ॅप केले तर कष्ट कमी आणि गुण जास्त असा शोध मुलांना लागला आणि खोके प्रयोगशाळेच्या कपाटावर धूळ खात पडले. ते कोणालाच नको होते, म्हणून अंकिताने एके दिवशी ते रिक्षात घालून नीलम नगरातल्या घरी आणले. आत सात पदरांची एक फळी होती, दोन आस, चार चाके, मुठीत मावेल एवढी मोटर, दातेरी पट्टा, बॅटरीचा डबा, एक इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि हातात धरायचा रिमोट. माहितीच्या कागदावर समुद्राकाठच्या गुळगुळीत रस्त्यावरून उघड्या अंगाने सुसाट चाललेले तरुण होते.

"ही पोरं कुटं चाललीत?" चनबसप्पाने विचारले.

"कुटंच न्हाई. मजेला."

"मजेला मोटर?"

ज्यांना कुठेच जायचे नाही त्यांच्या पायांना मोटर, आणि ज्याला दिवसाला कुंभारी गाठायची त्याच्या पायांना मलम, हा हिशेब त्याला असह्य झाला. त्याने खोके पायाने भिंतीकडे सरकवले. पण दुसऱ्या दिवशी कामावरून येताच त्यानेच ते उघडले.

अकरा संध्याकाळी ते काम चालले. वाचणे अंकिताचे, हात चनबसप्पाचे. पहिले चाक त्याने सवयीप्रमाणे बसवले, म्हणजे पाना शेवटपर्यंत फिरवला. चाक जागचे हलेना.

"अप्पा, पुरा न्हाई आवळायचा. आवळून परत पाव फेरा सोडायचा. आत बेअरिंग हाय."

"सोडायचा?"

"व्हय. राग काढायला कुकर हाय की."

आतून बसव्वा हसली. चनबसप्पा हसला नाही. ज्या कारखान्यात सैल नट म्हणजे मोडलेला माग आणि मोडलेला माग म्हणजे बोललेला मालक, तिथे छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणी सैल करायला शिकवावे, हे त्याला रुचले नाही. "ताणा जास्त वडला तर तुटतो, हे मला सांगती व्हय गं तू?" असे पुटपुटत त्याने पाव फेरा सोडला आणि चाकाला टिचकी मारली. चाक फिरत राहिले. ते थांबेपर्यंत तो त्याच्याकडे पाहत बसला. आणि घरातल्या दोघींनाही आठवेना, की गेल्या दोन वर्षांत हा माणूस एखाद्या गोष्टीकडे इतका वेळ न रागावता पाहत बसला होता कधी.

त्यानंतर तो कागदाच्या पुढे गेला. तोल सांभाळण्याचे वय आपले नाही, हे ओळखून त्याने फळीवर जुन्या नळीचा उभा दांडा बसवला आणि वर सायकलचे हँडल जोडले. कारखान्यात हवेत कापसाचे तूस उडते, ते पट्ट्याच्या दातांत बसणार; म्हणून तेलाचा डबा कापून त्याने पट्ट्यावर झाकण केले. तूस तरीही बसणार, हे त्याला ठाऊक होते. म्हणून मोटरचे मूळचे बोल्ट काढून तिथे त्याने पंखाचे नट लावले, बोटांनी सुटणारे आणि बोटांनीच बसणारे, म्हणजे पाना न शोधता पट्टा उतरवून पुसता यावा. वेग अंकिताने फोनवरून चालण्याइतकाच बांधून टाकला. सगळे मिळून भरल्या घागरीएवढे वजन झाले.

ते कारखान्यात नेले बडेसाबने, आपल्या स्कूटरच्या पुढच्या फळीवर आडवे टाकून. बडेसाब म्हणजे बावीस वर्षांपासून चनबसप्पाच्या शेजारच्या मागांवरचा विणकर. दाराजवळचे पाच-सहा आणि मागचे पंचवीस-सव्वीस हे माग त्याचे, म्हणजे गल्लीच्या दोन्ही टोकांना हे दोघे एकमेकांच्या शेजारी. कोण कुठला माग बघतो, ते मागाच्या उजव्या खांबावर खडूने लिहिलेले असे. जेवणाच्या सुट्टीत दोघे एकाच खोक्यावर बसत. याची कडक भाकरी, त्याचे सालन.

पहिल्या दिवशी चनबसप्पा हँडल धरून, ओठ घट्ट मिटून गल्लीतून सरकू लागला, तसे आख्ख्या कारखान्याने मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून हसून घेतले.

"क्या जी चनबसप्पा," बडेसाब ओरडला, "सवारी किधर चली? अक्कलकोट का एक तिकट दे!"

"तुज्यासाठी टपावर जागा हाय. बस की."

"अरे, ये तो दूल्हा दिखरा! चार माग क्या, अब आठ देखता ये!"

आणि चनबसप्पाने, ज्याच्या तोंडून राग आणि आनंद दोन्ही क्वचितच बाहेर पडत, त्या क्षणी गुडघे दुखत नव्हते म्हणून, बावीस वर्षे जुन्या मित्राची थट्टा होती म्हणून, एक हात सोडून आरोळी दिली, "आठ दे की! आठ बी बघीन!"

दारात अजिंक्यशेठ फोन धरून उभा होता. तिशीतला, पुण्यात शिकून आलेला, अतिशय सभ्य माणूस. त्याने सगळे चित्रित केले. "मामा, कमाल केलीत तुम्ही," तो म्हणाला. "चार्जिंग इथेच करत जावा, माझ्या टेबलाजवळच्या प्लगवर. संकोच करू नका."

चनबसप्पाने संकोच केला नाही. आठवडाभर गुडघे सुजले नाहीत. घरी कुकरचा दांडा बसव्वाला एका बोटाने उघडता आला.

आठव्या दिवशी सकाळी तो आत आला तेव्हा बडेसाब पाच नंबरच्या मागासमोर हात सोडून उभा होता. खांबावरचे त्याचे नाव ओल्या फडक्याने पुसलेले होते आणि त्या जागी खडूने 'चनबसप्पा' असे लिहिलेले होते. सहा नंबरवर तेच. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पंचवीस-सव्वीसवर तेच. खाली बारीक अक्षरांत 'दसऱ्यापासून'.

चनबसप्पा थेट टेबलाकडे गेला.

"शेट, हे कुणी लिवलं?"

"मी सांगितलं. बसा की मामा."

"बसायला जमत न्हाई मला. गुडघं हायत."

"तेच तर! आता गुडघ्यांचा प्रश्न सुटला ना? वेळ वाचतोय तुमचा, तो कुठेतरी लागायला पाहिजे. बडेसाबचाचांना आपण टॉवेल घडी करायच्या टेबलावर बघू काहीतरी. हलकं काम."

"मी गुडघ्यासाठी केलं ते. मागासाठी न्हाई."

अजिंक्यशेठने फोन पुढे केला. पडद्यावर एक हात सोडलेला चनबसप्पा ओरडत होता, आठ दे की, आठ बी बघीन. "तुम्हीच म्हणालायत, मामा. मी माझ्या मनाचं काही केलं नाही."

त्या सभ्यपणाला धरायला कुठेच जागा नव्हती. मालक ओरडला असता, तर यालाही ओरडता आले असते. आपलाच आवाज मालकाच्या खिशातून निघतो आहे आणि तो मित्राचे माग मागतो आहे, हे ऐकताना चनबसप्पाच्या बोटांना आवळण्यासाठी काहीतरी हवे झाले. काहीच नव्हते म्हणून त्याने स्वतःचे मनगट आवळले.

बडेसाबला समजावण्याचा प्रयत्न त्याने एकदा केला.

"थट्टा होती ती. तूच काडलीस."

"हौ. मैंच निकाला," बडेसाब म्हणाला. "मगर मांगा कौन? तूच मांगा ना आठ?" आणि आपला डबा उचलून तो दुसऱ्या खोक्यावर जाऊन बसला.

त्या दिवसापासून चनबसप्पा पुन्हा चालू लागला. फळी टेबलाजवळच्या प्लगपाशी उभी असे, आणि तिच्यासमोरून तो बेचाळीस पावले तिकडे, बेचाळीस पावले इकडे मान न वळवता जाई. गुडघे तिसऱ्या दिवशी सुजले. अजिंक्यशेठ म्हणे, "मामा, वापरा की ओ." तो ऐकले न ऐकलेसे करी. फळी घरी नेणे भाग होते. पण एकट्याने उचलण्याजोगी ती नव्हती, खड्ड्यांच्या रस्त्यावर ती चालत नव्हती, आणि बडेसाबची स्कूटर आता सुट्टी होताच आवाज करत एकटी निघून जाई. अंकिता म्हणाली, मी रिक्षा घेऊन येते. "येऊ नको," तो म्हणाला. "सडू दे तितंच."

आणि इथेच त्याच्याकडून ती चूक झाली, जी नव्या माणसाने एकवेळ केली असती, पण छत्तीस वर्षांच्या विणकराने कधी केली नसती. खंडेनवमीला माग बंद असतात आणि हत्यारांची पूजा होते. या कारखान्यात अष्टमीच्या संध्याकाळी प्रत्येक विणकर आपली कात्री, धागा ओढायची पट्टी, स्वतःचा पाना असे जे काही आपले असेल ते घरी नेतो, कारण ज्याच्या घरी हत्यार पुजले त्याचे ते हत्यार. कारखान्यात पुजले गेले, की ते कारखान्याचे. हे कुठे लिहिलेले नाही. पण यावरून आजवर कधी भांडण झाले नाही, इतके ते पक्के आहे. चनबसप्पाने अष्टमीला कात्री घेतली, पट्टी घेतली, पाना रुमालात बांधला. फळीकडे बघायचे नाही असे त्याने रागाने ठरवले होते; न बघितल्यामुळे ती न्यायचीही राहिली.

नवमीला सकाळी सगळे धुतलेल्या कपड्यांत आले. माग झेंडूच्या माळा घालून गप्प उभे होते. अंकिताही प्रसादासाठी आली होती. तिनेच पहिल्यांदा वडिलांचा दंड धरला. मागांसमोर सतरंजीवर कारखान्याच्या हत्यारांची रांग मांडलेली होती: पाने, ग्रीसची पिचकारी, तेलाच्या बुधल्या, शिलाईची दोन यंत्रे, आणि शेवटी, हँडलला माळ घातलेली, कुंकवाची पाच बोटे उठलेली, तिची फळी. तिच्या कडेवर पिवळ्या रंगाने ठसठशीत '१' असा आकडा घातलेला होता.

"आणखी तीन मागवल्यात," अजिंक्यशेठ सर्वांना उद्देशून सांगत होता. "दोन, तीन, चार नंबर पडतील. हळूहळू सगळ्या गल्ल्यांना. हे मामांचं डोकं बरं का, टाळ्या वाजवा."

चारदोन टाळ्या वाजल्या. बडेसाब दारापाशी उभा होता; त्याच्या हातांची घडी सुटली नाही.

चनबसप्पा रांगेपाशी गेला आणि खाली बसला. वाकत नसलेले गुडघे त्याने हातांनी दाबून वाकवले. पुजलेल्या हत्याराला नवमीला हात लावत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, म्हणून तो नमस्कार करतो आहे असेच सगळ्यांना वाटले. त्याने फळी आडवी केली. माळ घरंगळली.

"मामा, आज हात लावायचा नसतो," अजिंक्यशेठ म्हणाला.

"म्हायतीय."

"पूजा झालीय तिची."

"ते बी दिसतंय." त्याने पट्ट्यावरचे झाकण सरकवले. पंखाचे नट बोटांनी फिरवले, एक, दोन. हाताने लावलेले, हाताने सुटले. मोटर सैल पडली आणि दातेरी पट्टा त्याच्या तळहातात आला. तुसाने पांढरा झालेला तो पट्टा त्याने धोतराच्या सोग्याने सावकाश पुसला.

"मामा, कारखान्याची वस्तू आहे ती आता. रीत तुम्हाला मी सांगायची का?"

"रीत मला सांगू नका, शेट. फळी ऱ्हाऊ दे रांगेत. तुमी कुंकू लावलं, तुमी ठेवून घ्या. पट्टा झाकणाच्या आत हुता. त्याला तुमचं बोट लागलं न्हाई."

कोणीतरी हसले. अजिंक्यशेठचा आवाज अजूनही चढला नव्हता. "पट्टा काय, तीन दिवसांत नवा येईल."

"मागवा. वर हुबा ऱ्हायला मानूस बी मागवा."

तो उठला, उठताना त्याने कोणाचा हात घेतला नाही, अंकिताचाही नाही. टेबलावरचा खडू उचलून तो पाच नंबरच्या मागापाशी गेला. खांबावरचे स्वतःचे नाव त्याने टॉवेलने घासून काढले, इतके घासले की खालचा रंग निघाला. मग एकेक अक्षर दाबत लिहिले: बडेसाब. सहा नंबरवर पुन्हा तेच. खडू मोडला, उरलेला तुकडा घेऊन तो गल्लीत शिरला. माग बंद असल्यामुळे त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांना त्याची पावले ऐकू आली. उजवा पाय टेकला की चप्पल फरशीवर घासत होती. बेचाळीस. पंचवीसवर लिहिले, सव्वीसवर लिहिले. आणि बेचाळीस पावले परत.

"व्हिडिओ काडा की याचा बी," तो अजिंक्यशेठला म्हणाला. "त्यात बी मीच बोलतोय. चार बघीन. पाचवा न्हाई बघनार. दुसऱ्याचा तर न्हाईच."

अजिंक्यशेठने फोन काढला नाही. "एकादशीला बोलू," एवढेच म्हणून तो भटजींकडे वळला. बाकीच्या विणकरांनी प्रसादाचे द्रोण घेतले. कोणी चनबसप्पाच्या बाजूला येऊन उभे राहिले नाही. खांबावरचे नाव पुसायलाही कोणी पुढे झाले नाही.

बाहेर बडेसाब स्कूटर झाडाच्या सावलीतून काढत होता. त्याने अंकिताकडे पाहिले, मग चनबसप्पाच्या गुडघ्यांकडे.

"बेटी, तू रिक्षा से जा." आणि चनबसप्पाला, मान वळवून, "बैठ पीछे."

"बडेसाब, ऐक की—"

"बोलना नक्को मेरे संग. बैठ, बोला ना."

चनबसप्पा बसला. नीलम नगरात उतरल्यावर बडेसाबने स्कूटर बंद केली नाही, पण त्याने विचारले, "एकादसी को कित्ते बजे आऊँ?"

"साडेसहा."

"हौ," म्हणून तो गेला.

देवापाशी कात्री, पट्टी आणि पाना यांना बसव्वाने सकाळीच हळदकुंकू वाहिले होते. चनबसप्पाने खिशातला पट्टा काढून त्यांच्या शेजारी ठेवला. बसव्वाने करंडा उघडून पट्ट्याला बोट लावले.

त्या संध्याकाळी कुकर उघडला नाही. बसव्वाने खूप जोर लावला, अंकिताने लावला, शेवटी बसव्वाने भात पातेल्यात टाकला आणि आतल्या खोलीकडे पाहून कानडीत सांगितले, उद्या सण आहे, निदान सणाला तरी तो दांडा सैल करून द्या. आतून पुजलेलाच पाना फिरल्याचा आवाज येत होता. वीट लावलेल्या खाटेचे उरलेले तीन पाय तो एकादशीच्या तयारीने तपासत होता.